नव्या वाइनची पारख: बाटली घेण्याआधी आणि उघडल्यावर

दुकानाच्या फळीवर एकदम सात-आठ नव्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. प्रत्येकीवरचं द्राक्षाचं नाव वेगळं आणि किंमतही वेगळी. दुकानदार सांगतो, "नवीन माल आहे, घेऊन तर बघा." त्यातली एखादी घरी येते, चार मित्र बसतात, बाटली उघडते आणि निम्म्यांचं तोंड वाकडं होतं. मग सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूजकडच्या वाचकांचे तेच ते प्रश्न येतात. गोड लागली नाही, म्हणजे खराब होती का? महाग तीच चांगली का? बुचाला पांढरे खडे चिकटले होते, प्यायची की ओतून द्यायची? बिघडलेली निघाली तर पैसे परत मागता येतात का?

हे प्रश्न आपल्याच जिल्ह्यात पडावेत याचं वाईट वाटतं, कारण वाइन आता सोलापूरला परकी राहिलेली नाही. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळच्या मोटेवाडीला फ्रातेल्ली व्हिनयार्ड्सची वायनरी आहे. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले भाऊ यांनी मिळून २००७च्या सुमारास ती उभी केली. वाइन बनवण्याची जबाबदारी तोस्काना प्रांतातल्या पिएरो मासी यांनी घेतली. सांजोवेझे या इटालियन द्राक्षाच्या बागा माळशिरसच्या उन्हात उभ्या राहिल्या, आणि तिथली 'सेत्ते' ही लाल वाइन देशभरातल्या मोठ्या हॉटेलांच्या यादीत पोहोचली. इतक्या जवळ पिकणारी वस्तू आपल्याला पारखता यायलाच हवी.

माझं म्हणणं एवढंच आहे: नवी वाइन एकटी चाखून तिची पारख होत नाही. ती दुसऱ्या वाइनच्या शेजारी ठेवून, नाव झाकून चाखावी लागते. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी जिभेची सवय ओळखा

आपला जिल्हा खायच्या द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' ही वाणं उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी दिलेली. त्यामुळे चांगलं द्राक्ष म्हणजे लांबट, बिनबियांचं, पातळ सालीचं, कडक आणि गोड, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वाइनचं द्राक्ष जवळजवळ याच्या उलट असतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. त्यात साखर भरपूर असते, खायच्या द्राक्षापेक्षाही जास्त. पण रस आंबवताना यीस्ट ती साखर खाऊन तिचा अल्कोहोल करतं. साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवलेल्या वाइनला 'ड्राय' म्हणतात. तेव्हा गोडी नाही म्हणून वाइन फसली, असं समजू नका. तिथे गोडी ठेवायचीच नव्हती.

तुरटपणाचंही तसंच आहे. लाल वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतला आणि बियांतला तुरटपणा रसात उतरतो. कच्चं जांभूळ किंवा कडक काळा चहा घेतल्यावर हिरड्या कोरड्या पडतात, तोच हा अनुभव. तुरटपणा असणं हा दोष नाही. तो एकटाच उरून फळ हरवलं, तर मात्र दोष.

आजवर गोड 'पोर्ट'च घेतली असेल, तर थेट कॅबर्नेसारख्या तुरट लाल वाइनवर उडी मारू नका. आधी किंचित गोडसर पांढरी शेनां ब्लां, मग ड्राय शेनां ब्लां किंवा सोव्हिन्याँ ब्लां (हीही पांढरीच), मग गुलाबी रोझे, आणि त्यानंतर लाल. या वाटेने गेलात तर जीभ बंड करत नाही.

दुकानात: लेबल वाचा आणि चार प्रश्न विचारा

सोलापुरातल्या बहुतेक दुकानांत वाइनची फळी एखादीच असते आणि बाकी सगळा माल दुसरा. म्हणून विक्रेत्याला प्रत्येक वाइनची माहिती असेल असं धरू नका. पण तो कंपनीच्या माणसाला विचारून सांगू शकतो. लेबलवर आधी हे बघा:

- वर्ष. द्राक्षं कुठल्या हंगामात तोडली ते हे वर्ष सांगतं. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणून त्या वर्षाची ताजी पांढरी वाइन वर्षाच्या उत्तरार्धात दुकानात दिसू लागते. कमी-मध्यम किमतीची पांढरी किंवा रोझे दोन वर्षांपेक्षा जुनी दिसली तर सोडून द्या. साध्या लाल वाइनला तीन-चार वर्षं चालतात. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे फार थोड्या, त्यासाठीच बनवलेल्या वाइनना लागू आहे. आठशे रुपयांच्या बाटलीला ते लावाल तर नुकसान तुमचंच.
- द्राक्षाचं नाव. नाव स्पष्ट लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी तुलना करता येते. 'रिझर्व्ह' या शब्दावर मात्र जास्त पैसे मोजू नका. प्रत्येक कंपनी तो आपापल्या अर्थाने वापरते. लाकडी पिंपात किती महिने ठेवली, असं लिहिलं असेल तर ती खरी माहिती.
- अल्कोहोलचं प्रमाण. ड्राय वाइनमध्ये ते बहुधा १२ ते १४ टक्के असतं. १४च्या पुढे गेलेली वाइन तिखट जेवणाबरोबर घशाला चटका देते, हे ध्यानात ठेवा.
- कुठे बनली, कोणी भरली, बॅच नंबर, ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता. हे पुढे उपयोगी पडतं.

आणि विक्रेत्याला विचारा: ही पेटी केव्हा आली? दुकानात कुठे ठेवली होती? याच वर्षाची आणखी कुठली आहे? अर्धी, म्हणजे ३७५ मिलिलिटरची बाटली मिळेल का?

दुसरा प्रश्न सोलापूरकरांनी कधीच टाळू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. ट्रकमध्ये, गोदामात आणि पत्र्याखाली वाइन अक्षरशः शिजते. शोकेसमध्ये उन्हाकडे तोंड करून उभी असलेली बाटली कितीही नामांकित कंपनीची असो, घेऊ नका; आतल्या पेटीतली मागा. बूच वर सरकलेलं दिसलं, वेष्टणाखालून चिकट ओघळ आलेला दिसला, पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली दिसली किंवा पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली दिसली, तर ती परत फळीवर ठेवा. मार्च ते जून या काळात नवी वाइन जोखायला घेऊच नये, असं माझं मत आहे. तुम्ही वाइनबद्दल मत बनवाल आणि ते खरं तर गोदामाबद्दलचं असेल.

फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी समजू नका. आपल्या हवामानात ते झाकण बुचापेक्षा भरवशाचं ठरतं, आणि लवकर प्यायच्या वाइनला तेच योग्य.

किंमत काय सांगते आणि काय सांगत नाही

महाराष्ट्राने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला करांत सवलत दिली. त्यामुळे नाशिकची, अकलूजची वाइन इथे तुलनेने स्वस्त पडते. कर्नाटकातली बाटली नंदी हिल्सहून आली काय किंवा हम्पीकडून, तिच्यावर इथला करभार अधिक असतो. परदेशी वाइनचं तर विचारूच नका. आयातीवरचा शुल्काचा बोजा वर्षानुवर्षं १५० टक्क्यांच्या घरात राहिला, त्यावर राज्याचे कर आणि मधल्या हातांचा नफा. म्हणजे इथे दीड-दोन हजारांना मिळणारी परदेशी बाटली तिच्या देशात रोजच्या जेवणातली साधी वाइन असू शकते. त्याच पैशांत राज्यातल्या वायनरीची वरच्या दर्जाची वाइन येते. परदेशी नावासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा. पण ते नावाचे आहेत हे माहीत असू द्या.

घरी चाखायची बैठक: पायरी पायरीने

सीलबंद विक्रीच्या दुकानात बाटली उघडून चाखता येत नाही. त्यामुळे आपल्यापुढे दोनच खऱ्या वाटा उरतात: वायनरीला भेट देणे किंवा घरी बैठक करणे. सहा-आठ जणांनी वर्गणी काढून चार बाटल्या आणल्या तर खर्च आटोक्यात राहतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ५० मिलिलिटरचे पंधरा घोट निघतात, म्हणजे आठ जणांना चाखूनही जवळपास निम्मी बाटली जेवणासाठी उरते.

*काय निवडाल.* चार बाटल्यांत काहीतरी समान हवं. चार कंपन्यांच्या शिराझ द्राक्षाच्या लाल वाइन, किंवा एकाच कंपनीच्या चार किमतींच्या लाल वाइन, किंवा एकाच वाइनची दोन वर्षं. शेनां, रोझे, कॅबर्ने आणि फेसाळती एकत्र मांडलीत तर आवड कळेल, पारख होणार नाही. सुरुवातीला मी हे सुचवीन: फ्रातेल्ली, सुला, ग्रोव्हर झाम्पा आणि यॉर्क यांपैकी ज्या मिळतील त्यांच्या साधारण सारख्या किमतीच्या शिराझ शेजारी ठेवा. शिराझ आपल्याकडे बऱ्यापैकी रुळली आहे आणि तिच्यातला काळ्या मिरीचा वास नवख्यालाही लवकर सापडतो.

*वेळ.* सकाळी अकराच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी जेवणाआधी. पोट तुडुंब भरलेलं नको, अगदी रिकामंही नको. त्या दिवशी बैठकीआधी पान, तंबाखू, गुटखा, पेपरमिंट, कडक कॉफी बंद. अत्तर लावू नका, खोलीत उदबत्ती लावू नका. वास हरवला की वाइनची पाऊण चव गेली.

*तापमान.* 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. सोलापूरच्या ३४ अंशांच्या खोलीत लाल वाइन नुसती अल्कोहोलसारखी भपकते. ती फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा, म्हणजे १६ ते १८ अंशांजवळ येईल. खोली जास्त तापलेली असेल तर थोडा अधिक वेळ द्या. पांढरी तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवून चाखण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा, कारण अति गारव्यात वासही झाकला जातो आणि दोषही. बर्फ घालू नका.

*पेले.* स्टीलचा पेला नको. रंग दिसत नाही आणि वास साठत नाही. तोंडाशी किंचित निमुळते काचेचे पेले सगळ्यात बरे. ते नसतील तर साधे काचेचे चालतील, पण सगळे एकसारखे हवेत, आणि साबणाचा वास गेलेला हवा. पेला एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

*नावं झाका.* बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, गळ्यापर्यंत. वर १, २, ३, ४ लिहा. गुंडाळणारा एक आणि ओतणारा दुसरा ठेवला तर कोणालाच काही कळत नाही. ही पायरी लोकांना पोरकट वाटते आणि तीच ते गाळतात. किंमत आणि लेबल दिसलं की जीभ ते दोन्ही चाखायला लागते. भल्याभल्या जाणकारांची लागते. कागद गुंडाळायला लागणारी पाच मिनिटं सगळ्या बैठकीतली सर्वांत कामाची.

*क्रम.* फेसाळती, मग ड्राय पांढरी, मग रोझे, मग हलकी लाल, मग जड लाल, आणि गोड असेल ती शेवटी. एका बैठकीत चार ठीक, सहा म्हणजे कमाल.

*जिभेला विश्रांती.* दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा घ्या. आपल्या कडक भाकरीला ना तेल ना मसाला, त्यामुळे जीभ पुसून काढायला ती बिस्किटांपेक्षा सरस. शेंगा चटणी मात्र ताटात येऊ देऊ नका. ती जेवणाच्या वेळी.

*थुंकायचं भांडं.* हे मांडायला संकोच करू नका. व्यवसाय म्हणून वाइन चाखणारे सगळे चूळ भरल्यासारखी फिरवून थुंकतात. तिसऱ्या-चौथ्या पेल्याला डोकं ठिकाणावर नसेल तर त्या वाइनवर अन्याय होतो. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी तर ही सोय नसून अटच आहे.

पेल्यात नेमकं काय शोधायचं

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा. पांढरी वाइन फिकट पिवळी ते सोनेरी असावी, लाल वाइन जांभळट ते माणकासारखी. कडेला विटकरी छटा आली असेल तर ती वयाची खूण. बाटलीवरचं वर्ष ताजं असून अशी छटा दिसली तर संशय घ्या. रंग गडद म्हणजे वाइन चांगली, असं नसतं. सांजोवेझे मुळातच फिकी असते.

आता पेला न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. परदेशी पुस्तकातली फळं आठवायची गरज नाही, आपल्या मंडईतली पुरेत. सोव्हिन्याँ आणि शेनांमध्ये पेरू, कैरी, लिंबाची साल, नुकतं कापलेलं गवत सापडतं. कॅबर्नेमध्ये कधी कधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तो फार असेल तर द्राक्ष पुरतं पिकलं नव्हतं असं समजा. शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनला व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, धूर असा वास येतो. तो फळाच्या मागे उभा असावा. नुसतं लाकूडच हुंगायला मिळालं तर पैसे पिंपाला गेले.

मग घोट. तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. या क्षणी चार गोष्टींकडे लक्ष द्या:

१. आंबटपणा. जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? आंबटपणा वाइनला ताजी ठेवतो. उष्ण प्रदेशातल्या वाइनमध्ये तो कमी पडण्याची भीती असते, म्हणून आपल्याकडची वाइन जोखताना मी आधी हेच बघतो. आंबटपणा नसलेली वाइन दुसऱ्या घोटाला कंटाळवाणी होते.
२. तुरटपणा (लाल वाइनमध्ये). मखमली की खरबरीत? कच्च्या सुपारीसारखा कडवट होतो का?
३. अल्कोहोल. गिळल्यावर घशात ऊब हवी. चटका बसत असेल तर तोल गेलाय.
४. मागे रेंगाळणारी चव. थुंकल्यावर किंवा गिळल्यावर मनात आकडे मोजा. पाचपर्यंत चव पुसली गेली तर साधी वाइन, दहापर्यंत टिकली तर चांगली, आणि त्याहून लांब गेली तर वर मान करून बाटलीकडे बघण्यासारखी. लांबलेली चव कडवट असेल तर मात्र ती गुण नव्हे.

या चौघांत कोणी एक जण इतरांना ढकलून पुढे आला नाही, म्हणजे तोल साधला. वाइनचा दर्जा मुख्यतः तिथेच असतो.

शंभरपैकी गुण देण्याच्या फंदात पडू नका. ८६ आणि ८८ यांत फरक काय हे घरच्या बैठकीत कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने कागदावर, कोणाशी न बोलता, दोन गोष्टी लिहाव्यात. एक: 'पुन्हा घेईन', 'स्वस्त असेल तर घेईन' किंवा 'नको'. दोन: या बाटलीला मी किती रुपये देईन. सगळ्यांचं लिहून झाल्यावरच बोला, नाहीतर गटातला ज्येष्ठ किंवा मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांची जीभ ठरवतो. कागद उलगडल्यावर लिहिलेला आकडा आणि खरी किंमत शेजारी ठेवा. ज्या बाटलीला बहुतेकांनी खऱ्या किमतीहून अधिक मोल दिलं, ती तुमची खरेदी.

आपल्याला खरंच फरक कळतो का, अशी शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. तीन पेले घ्या, दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि डोळे मिटून वेगळा पेला ओळखा. ओळखता आला नाही तर दोन वाइनमधली स्वस्त घ्या आणि निवांत राहा.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट घ्या. बळकट वाइन दुसऱ्या दिवशीही उभी राहते, कधी अधिक मोकळी होते. नुसत्या वासावर भुलवणारी रात्रीतच कोसळते. दोन-तीन दिवसांत ती संपवा.

दोष कोणता आणि दोष नसलेलं काय

हे फळीवरून कळत नाही, नाकालाच कळतं:

- ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि फळ गायब: बुचातून आलेला दोष. कितीही वेळ उघडी ठेवली तरी जात नाही.
- कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास, रंग तपकिरी: हवा लागलेली.
- व्हिनेगर किंवा नखपॉलिश पुसायच्या द्रवाचा वास: आंबून बिघडलेली.
- शिजवलेल्या जॅमचा, मनुकांचा बोथट वास, ताजेपणा शून्य: उन्हात तापलेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात सर्वांत आधी शंका घ्यावी ती हिचीच.
- फेसाळती नसलेल्या वाइनमध्ये बुडबुडे आणि गढूळपणा: बाटलीत पुन्हा आंबलेली. पांढऱ्या ताज्या वाइनमध्ये जिभेला किंचित चुरचुर लागली तर ती चालते.

काडी विझवल्यासारखा वास आला तर थांबा, पेला फिरवा. दहा मिनिटांत बहुधा उडून जातो. बुचाला किंवा तळाला चिकटलेले काचेसारखे खडे म्हणजे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार. ते निरुपद्रवी आहेत. जुन्या लाल वाइनचा गाळही तसाच. बाटली थोडा वेळ उभी ठेवून हळू ओता.

जेवणाबरोबरची पारख वेगळी

नुसती चाखताना पहिली आलेली वाइन सोलापुरी ताटाबरोबर शेवटची येऊ शकते. काळ्या तिखटाचा मटण रस्सा, लसणाची शेंगा चटणी यांच्यापुढे जड, तुरट, जास्त अल्कोहोलची लाल वाइन ठेवलीत तर तिखट दुप्पट लागतं आणि वाइन कडू. तिथे गार रोझे, किंचित गोडसर शेनां ब्लां किंवा फेसाळती बरी. मटण सुकं असेल, तेल-तिखट बेताचं असेल, तर सांजोवेझेचा आंबटपणा छान उतरतो. हुरड्याच्या दिवसांत ताजा हुरडा आणि ड्राय सोव्हिन्याँ घेऊन बघा. तिथे मात्र गूळ आणि चटणी नंतर खा. शेंगा पोळीबरोबर ड्राय वाइन कुठलीच जुळत नाही. गोड पदार्थासमोर वाइन त्याहून गोड असावी लागते.

वायनरीला जाणार असाल तर

मोटेवाडी सोलापूरहून शंभराहून अधिक किलोमीटर आहे. न कळवता जाऊ नका, भेट आणि चाखणं आधी ठरवून घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर तोडणी, रस काढणं, टाक्यांत आंबणारा रस असं सगळं बघायला मिळतं. मात्र कामगारांची ती घाईची वेळ असते. तिथे चाखताना 'सगळ्यात महाग कोणती' यापेक्षा 'एकाच द्राक्षाची साधी आणि पिंपातली, दोन्ही शेजारी देता का' असं विचारा. तिथल्या गारव्यात, योग्य पेल्यात वाइन तिच्या उत्तम रूपात असते. म्हणून आवडली तरी लगेच पेटी घेऊ नका. एक बाटली आणा, घरी झाकून चाखा, मग ठरवा. उन्हाळ्यात येताना ती गाडीच्या डिकीत टाकू नका.

चालक असा न्या जो अजिबात चाखणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे, आणि 'फक्त चाखली' हा बचाव चालत नाही.

हॉटेलमालक आणि समारंभवाल्यांसाठी

कंपनीचा प्रतिनिधी 'दहा पेट्यांवर एक फुकट' अशी योजना घेऊन येईल. आधी नमुन्याची बाटली मागा, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरातल्या दोन मुख्य पदार्थांबरोबर, कर्मचाऱ्यांसह, झाकून चाखा. जुन्या वर्षाचा माल योजनेतून निघत असतो, म्हणून पेटीवरचं नव्हे, बाटलीवरचं वर्ष बघा. थंड साठवणीची जागा नसेल तर सहा प्रकार पुरेत.

तुमचे हक्क आणि कायदा

- छापील कमाल किमतीहून जास्त पैसे घेता येत नाहीत. 'थंड करून दिली' म्हणून वर पाच-दहा रुपये लावणं हेही बेकायदा. बिल मागा.
- महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९चा कायदा लागू आहे आणि मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने मिळतात. दुकानातच चौकशी करा. वयाची अट पाळा. घरच्या बैठकीला पुतण्या-भाचे 'फक्त एक घोट' म्हणून बसवू नका. आषाढी एकादशीसारख्या ड्राय डेला विक्री बंद असते, खरेदीचा बेत तसा आखा.
- लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण आणि आरोग्याचा इशारा असणं बंधनकारक आहे. मद्याच्या लेबलवर आरोग्याला हितकारक असल्याचा दावा करायला बंदी आहे, तेव्हा 'लाल वाइन हृदयाला चांगली' असं कोणी विकताना सांगत असेल तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि नियमित औषधं घेणारे यांनी बैठकीत वासापुरतंच थांबावं. न पिणाऱ्या पाहुण्याला आग्रह तर नकोच.
- सल्फाइट असल्याचा उल्लेखही लेबलवर असतो. दमा असणाऱ्यांनी तो वाचावा.

बाटली बिघडलेली निघाली तर 'आवडली नाही' आणि 'दोष आहे' यांतला फरक आधी स्वतःशी स्पष्ट करा. आवडली नाही, ही तक्रार होत नाही. दोष असेल तर बाटली रिकामी करू नका. किमान दोन तृतीयांश वाइन, बूच, वेष्टण आणि बिल जपून ठेवा, बॅच नंबरचा फोटो काढा. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दुकानात जा आणि शांतपणे त्याच बॅचची दुसरी बाटली बदलून मागा. बरेच दुकानदार उघडलेली बाटली घ्यायला नाही म्हणतात. मग लेबलवरच्या ग्राहक तक्रारीच्या पत्त्यावर फोटोंसह लिहा. आपल्या नावाची काळजी असलेली वायनरी अशा पत्राकडे दुर्लक्ष करत नाही, कारण माल वाटेत कुठे तापला हे तिलाही शोधायचं असतं. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. एका बाटलीसाठी आयोगापर्यंत जाणं क्वचितच परवडतं. समारंभासाठी घेतलेल्या पाच पेट्या तापलेल्या निघाल्या तर मात्र जरूर जा. तेव्हा प्रत्येक पेटीतली एक बाटली न उघडता बाजूला ठेवा, तपासणीला तीच लागेल.